एस्तेरबाई आणि मेंढीचा सिनेमा

एस्तेरबाई पाटोळ्यांबरोबर मी आयुष्यात एकच सिनेमा पाहिला. पण तो चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा त्या पडद्याशी मोठ्यानं बोलल्या. "अवं, तिकडून नोको जाऊ, बरफ कच्चा आहे तिथं," असं त्या पडद्यावरच्या मेंढीला सांगत. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायच्या. त्यांनाही बाई सांगायच्या, "तुमी समोर पाहा जी, आता खरी गंमत आहे."

वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. मी तळेगावची, श्यामजी पंतांच्या तळेगावची. ट्रेनिंग संपवून वर्ध्याच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. घरच्यांना काळजी होती ती मी ख्रिस्ती लोकांच्या आवारात एकटी कशी राहणार याची. वडील मला सोडायला आले, तेव्हा एस्तेरबाई अंगणात गोवऱ्या रचत होत्या. त्यांनी हात धुतले, वडिलांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी माह्या बाजूच्या खोलीत राहीन. तिचा देव तिच्यापाशी, माहा माह्यापाशी. चूल मात्र दोघींची एकच ठेवतो, लाकडं महाग झाली." वडील निर्धास्त होऊन परत गेले. तेव्हापासून मी आणि बाई एका चुलीवर जेवत होतो.

बाई पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, चालणं असं की बरोबरच्या माणसाला अर्धं पळावं लागे. नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर त्या शाळेत चौथीचा वर्ग घेत आणि रविवारी उपासना झाल्यावर चर्चमध्येच मंडळीच्या मुलांची रविवारची शाळा चालवत; त्यासाठी चर्चची एक किल्ली त्यांच्याकडेच असे. मंडळी म्हणजे तिथल्या ख्रिस्ती घरांचा समुदाय. त्यात रेल्वेतले लोक होते, नर्सा होत्या, मास्तर होते, आणि सिंदी मेघेकडून पायी येणारी मजुरांची पाच-सहा घरं होती. ती रविवारची शाळा एकोणीस वर्षं बाईंच्याच हातात होती. शाळेतला पगार गेला असता तर त्यांनी शेंगा फोडून पोट भरलं असतं. रविवारची शाळा गेली असती तर त्यांचं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

शिकवायची त्यांची एक पद्धत होती. गोष्ट सांगून झाली की बाकीच्या बाया विचारायच्या, "यातून काय बोध घेतला?" एस्तेरबाई विचारायच्या, "तुले काय दिसलं?" मग पोरं जे सांगतील ते खरं धरून पुढे जायच्या. एकदा एका पोरीनं विचारलं, स्वर्गात कोंबड्या असतात का. बाईंनी तिला गप्प केलं नाही. पाळकांना विचारलं, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, मला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. पुढच्या रविवारी वर्गात येऊन म्हणाल्या, "मले नाई मायीत. मी ज्याइले विचारलं त्याइलेबी नाई मायीत. आता आपण सहाजण झालो, नाई मायीत असणारे." पोरगी खूश झाली. मोठ्या माणसांच्या रांगेत आपल्याला बसवलं, एवढं तिला कळलं.

"मला माहीत नाही" हे वाक्य बाई इतक्या ताठ मानेनं बोलायच्या, की ऐकणाऱ्याला आपल्याला सगळं माहीत असल्याची लाज वाटावी.

गोष्टींसाठी चित्रं त्या स्वतः काढायच्या. वहीच्या पुठ्ठ्यावर रंगवून, मागं फ्लॅनेलचा तुकडा डकवून, कापडी फळ्यावर चिकटवायच्या. बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्तातला त्यांचा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी टाकलेला, काळा कुळकुळीत धनगर होता. नागपूरहून तपासणीला आलेल्या मिशनच्या गोऱ्या बाईंनी विचारलं, आम्ही विलायतेहून छापील चित्रं पाठवतो, ती का वापरत नाही. एस्तेरबाई म्हणाल्या, "तुमच्या चित्रातला मेंढपाळ लई गोजिरा आहे, मॅडम. पण आमच्या पोरीइनं असा माणूस कधी मेंढराच्या मागं पळताना पाह्यला नाई. त्याइले वाटते, मेंढरू हरवलं ते विलायतेत, आपल्याले काय करायचं." पुढं ती छापील चित्रं येतच राहिली आणि बाई त्यांच्या पाठीवर आपले धनगर रंगवत राहिल्या.

अशा बाईंच्या आयुष्यात तो सिनेमा आला.

वर्ध्याच्या टॉकीजमध्ये परदेशातला, हातानं काढलेल्या हलत्या चित्रांचा एक सिनेमा लागला. त्याचं इंग्रजी नाव आता माझ्या लक्षात नाही. आमच्यात तो 'मेंढीचा सिनेमा' म्हणूनच राहिला. टॉकीजच्या मालकांनी गावातल्या सगळ्या शाळांना निरोप पाठवला, की शनिवारी सकाळी फक्त मुलांसाठी खेळ ठेवतो, पोरं घेऊन या. बाकीच्या शाळांनी होकार दिला. आमच्याकडे अडचण होती. मंडळीच्या पंचांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, की मंडळीची मुलं सिनेमाला जाणार नाहीत. आमच्या मोठ्या बाईंनी हात वर केले आणि प्रश्न पंचांकडे पाठवून दिला.

एस्तेरबाईंनी दुसरंच केलं. सोमवारी शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "कमल, चप्पल घाल. पाहून येऊ."

"पंचांनी नको म्हटलं तर?"

"अजून म्हटलं नाई ना? मंग तोवर जाऊन येऊ."

सिनेमाची गोष्ट साधी होती. बर्फाच्या डोंगरात एक गाव, गावात मेंढ्यांचा कळप. त्यात एक म्हातारी लंगडी मेंढी. आदल्या वर्षी लांडग्यानं तिचं कोकरू नेलेलं. हिवाळ्यात नदी गोठते, लांडगा ती ओलांडू बघतो आणि बर्फ फुटून पाण्यात पडतो. मेंढीला तो दिसतो. ती गावातल्या देवळाच्या घंटेचा दोर दातांनी तोडून आणते आणि त्याला बाहेर ओढते. लांडगा एक शब्द न बोलता निघून जातो. कळपातल्या सगळ्या मेंढ्या म्हातारीशी बोलणं टाकतात. पण दुसऱ्या दिवशी लांडगा कोंडवाड्याच्या दाराशी येऊन बसतो, आणि हिवाळाभर तिथंच बसून राहतो. शेवटी डोंगराचा बर्फाचा कडा कोसळतो, बिनदोराची घंटा वाजायला लागते, आणि लांडगा सगळ्या कळपाला वाट काढून देतो.

बाहेर आल्यावर बाई टांग्याच्या अड्ड्यापर्यंत गप्प होत्या. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाल्या, "उद्या अजून एकदा पाहा लागते." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो.

अर्थात ही बातमी पंचांपर्यंत गेली. पंचांचे प्रमुख होते सायमनराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. उंच, पांढऱ्या मिशा, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. शब्दाला पक्का माणूस अशी ख्याती होती. त्यांच्या घरातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नसे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या मुलानं, प्रभाकरनं, मंडळीबाहेरच्या मुलीशी कचेरीत जाऊन लग्न केलं. पंचांनी त्याला बोलावलं, तेव्हा सायमनराव म्हणाले की मुलानं मला न सांगता हे केलं. प्रभाकर भर पंचात ओरडला, "बाबा, खोटं बोलू नका," आणि गाव सोडून गेला. बापाला खोटारडा म्हणणाऱ्या मुलाचं नाव सायमनरावांनी मंडळीच्या यादीतून स्वतःच्या हातानं कापलं. प्रभाकर हिंगणघाटला गिरणीत कारकून होता. गाडीनं जवळच. सायमनराव सांगत, "तो मंडळीसमोर उभा राहून माझी क्षमा मागेल, त्या दिवशी माझं दार उघडेल." घरी त्यांची बायको होती, ती कुणाशीच फारसं बोलत नसे.

मंगळवारी संध्याकाळी पाळकांच्या व्हरांड्यात पंच बसले. बाईंना बोलावलं, मीही मागं जाऊन उभी राहिले. पाळक तरुण होते, नवे होते, आणि भांडणाला घाबरायचे.

सायमनराव म्हणाले, "बाई, मंडळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. जी शिक्षिका मुलांना सिनेमाला नेईल, तिच्या हाती रविवारची शाळा राहणार नाही."

"नियम मायीत आहे जी. पण तुमी सिनेमा पाह्यला काय?"

"मी असल्या जागी जात नाही."

"गार्डसाहेब, तुमी तीस वर्षं गाडी चालवली. गाडी न पाहता हिरवी झेंडी दाखवली काय कधी?"

"कधीच नाही."

"मंग लालबी न पाहता दाखवू नका."

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. सायमनरावांनी मिशीवर बोट फिरवलं. रेल्वेच्या माणसाला रेल्वेचा नियम सांगितला होता, तो मोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मी उद्या पाहीन. आणि आपल्या विश्वासाविरुद्ध त्यात जे असेल, ते लिहून आणीन. त्याला तुम्ही उत्तर द्यायचं. एका जरी हरकतीचं उत्तर देता आलं नाही, तर रविवारची शाळा तुम्ही सोडायची. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. मी मागून त्यांचा पदर ओढला, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

बुधवारी सायमनराव कोट घालून, वही आणि पेन्सिल घेऊन खुर्च्यांच्या रांगेत बसले. आम्ही बायकांच्या बाजूला. अंधार झाल्यावर त्यांना वही दिसेना, पण ते लिहीत राहिले. मेंढी दोर ओढायला लागली तेव्हा बाई नेहमीप्रमाणे ओरडल्या, "जोर लाव, माय." मी घाबरून सायमनरावांकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल थांबली होती.

गुरुवारी पुन्हा व्हरांडा. सायमनरावांनी वही उघडली. अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, त्या लावायला त्यांना वेळ लागला.

"पहिली हरकत. यात जनावरं माणसासारखी बोलतात. देवानं वाणी माणसाला दिली."

"बायबलात गाढवी बोलली जी," बाई म्हणाल्या. "आणि तिच्यावर बसलेल्या शहाण्या माणसाले जे दिसत नोतं, थे तिले दिसलं."

पाळकांनी मान हलवली. सायमनरावांनी ती ओळ खोडली.

"दुसरी हरकत. घंटेला दोर नसताना घंटा आपोआप वाजते. ही जादू आहे. मुलांना जादूटोण्याची गोडी लागेल."

"वाऱ्यानं वाजली. पहिल्यांदा मलेबी तसंच वाटलं. काल नीट पाह्यलं, घंटेच्या मागची खिडकी उघडी होती."

सायमनराव थोडा वेळ आठवत राहिले. "खिडकी होती," ते म्हणाले आणि तीही ओळ खोडली. मग त्यांनी वही मिटली. तिसरी हरकत त्यांना पाठ होती.

"लांडग्यानं क्षमा मागितली नाही. कोकरू खाल्लं, आणि एका शब्दानं पश्चात्ताप दाखवला नाही. तरी मेंढीनं त्याला वाचवलं. आपला प्रभू क्षमा करतो, पण पश्चात्ताप करणाऱ्याला. हा सिनेमा मुलांना शिकवील, की पाप करा, कुणीतरी दोर घेऊन येईलच. याचं उत्तर द्या, बाई."

हरकत खरी होती. ती कुठून आली हेही तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मला वाटलं, बाई आता दृष्टान्तांवर दृष्टान्त सांगतील.

बाई म्हणाल्या, "याचं उत्तर माह्यापाशी नाई. तीनदा पाह्यला, तिन्ही वेळा मले इथंच अडलं."

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हरली असन. पण एक इनंती आहे. हा सिनेमा पोराइसाठी आहे ना? त्याइले पाहू द्या. रविवारी सगळ्या मंडळीपुढं मी त्याइले विचारतो, का तुमाले काय दिसलं. तुमी बी विचारा. पाप म्हणजे काईच नाई असं एकाबी पोरानं म्हटलं, तं चर्चची किल्ली तिथंच तुमच्या हातात देतो."

पाळक पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "हे मला न्याय्य वाटतं." सायमनरावांनी मान्य केलं.

घरी आल्यावर मी बाईंवर चिडले. चाळीस पोरांच्या तोंडावर त्यांनी आपली एकोणीस वर्षं लावली होती. म्हटलं, "निदान उद्या मोठ्या पोरींना बोलावून दोन-तीन उत्तरं पाठ करून घ्या."

त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पाठ केलेलं उत्तर माहं होईन. त्याइचं नाई. माहं तं मी आताच तिथं देऊन टाकलं, का मले नाई मायीत."

"आणि शाळा गेली तर?"

भाकरी तव्यावर टाकून त्या जरा वेळ तिच्याकडे पाहत बसल्या. "रडीन," म्हणाल्या. "लई रडीन. पण खोटी शाळा ठेवून काय करू?"

शनिवारी सकाळी शाळेच्या मुली आणि रविवारच्या शाळेची मुलं मिळून आमची रांग निघाली. सिंदी मेघेची पोरं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल चोपडून आली होती. त्यातल्या बहुतेकांनी टॉकीज आतून कधी पाहिलं नव्हतं. दिवे गेले तेव्हा दोन लहानग्यांनी रडायला सुरुवात केली. पण मेंढी बर्फावर आली आणि सगळी गप्प झाली. इंग्रजी एकालाही येत नव्हतं, त्यानं काही अडलं नाही. लांडगा पाण्यात पडला तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या. मेंढीनं दोर टाकला तेव्हा टाळ्या थांबल्या. दोर ताणला गेला, मेंढीचे पाय घसरायला लागले, आणि आमची रांगच्या रांग उभी राहिली. "ओढ, ओढ." बाकीच्या शाळांची पोरंही उभी राहिली. सगळं टॉकीज ओढत होतं. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांचा आवाज कुणाला वेगळा ऐकू आला नसेल.

रविवारी चर्च भरलं. त्या दिवशी पोरांची शाळा उपदेशाच्या आधीच ठेवली होती. नेहमी न येणारेही आले होते. मी मागच्या बाकावर बसले. पोरं पुढं जमिनीवर, बाई त्यांच्यासमोर. सायमनराव पहिल्या बाकावर, शेजारी त्यांची बायको.

"सांगा," बाई म्हणाल्या. "तुमाले काय दिसलं?"

कुणाला बर्फ दिसला होता. कुणाला घंटा. एका मुलाला टॉकीजमधला पंखा दिसला होता आणि तो किती मोठा होता हे त्यानं हात पसरून दाखवलं. लोक हसले. एक मुलगी म्हणाली, बाकीच्या मेंढ्या म्हातारीशी बोलत नव्हत्या ते तिला आवडलं नाही. बाई प्रत्येकाला "हो, मलेबी दिसलं" म्हणत होत्या. त्यांचे हात मात्र पदराचा काठ चुरगळत होते.

सायमनराव उठले. "मी विचारू?"

"विचारा जी."

"मुलांनो, लांडग्यानं कोकरू खाल्लं. हे पाप की नाही?"

"पाप," सगळी एका सुरात म्हणाली.

"त्यानं क्षमा मागितली?"

"नाई."

"मग मेंढीनं त्याला वाचवलं, ते चुकलं की बरोबर?"

 पोरं एकमेकांकडे, मग बाईंकडे बघायला लागली. बाईंनी मान खाली घातली, म्हणजे चेहऱ्यावरून कुणाला उत्तर वाचता येऊ नये. बाहेरून मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले.

मग सिंदी मेघेची मार्था उठली. आठ वर्षांची, मजुराची मुलगी, वर्गातही क्वचित तोंड उघडणारी.

"थो पाण्यात होता ना जी," ती म्हणाली.

"मग?"

"बुडून राह्यला होता. नाकातोंडात पाणी गेलं होतं त्याच्या."

"मी विचारतो, क्षमा मागितली नाही, त्याचं काय?"

एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये, अशा नजरेनं मार्थानं त्यांच्याकडे पाहिलं. "तोंडात पाणी असल्यावर कसा बोलन? पयले भायेर काढा लागते. मंग बोलते माणूस."

"पण बाहेर काढल्यावरही तो बोलला नाही."

"बोलला नाई," मार्था म्हणाली. "पण दारापाशी येऊन बसला ना. त्याले बोलता येत नसन. माह्या बाबालेबी नाई येत." आणि ती खाली बसली.

सायमनराव उभेच होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या बायकोनं त्यांच्या कोटाची बाही धरली. मग ते पाळकांकडे वळून म्हणाले, "माझी हरकत नाही," आणि चर्चच्या मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेले.

चर्चमध्ये गलका झाला. कुणी बाईंचे हात धरले, कुणी मार्थाला उचललं. पाळकांनी त्या सकाळचा उपदेश वाचून दाखवायचाच सोडला, म्हणाले, आज यापुढं मी काय सांगू. बाई मात्र मार्थासमोर मांडी घालून बसल्या होत्या. तिला म्हणत होत्या, "आठ दिवस झाले मी शोधून राह्यली होती, अन् तुह्यापाशी होतं." आणि रडत होत्या, हसत होत्या, दोन्ही एकदम.

दुपारी आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात दाराशी सायमनराव आले. कोटाची वरची दोन बटणं उघडी होती. मी उठून जायला लागले, तर म्हणाले, "बस पोरी, आता लपवायचं काही नाही."

ते चौकटीला धरून उभे राहिले. "बाई, प्रभाकरनं मला सांगितलं होतं. लग्नाच्या आधी आठ दिवस. मी त्याला म्हणालो, मी हे ऐकलंच नाही. आणि पंचात तसंच सांगितलं. खोटं मी बोललो होतो. पाच वर्षं मी वाट पाहतो आहे, की त्यानं येऊन क्षमा मागावी."

बाई चुलीपासून उठल्या. त्यांनी पाट सरकवला, पण ते बसले नाहीत.

"पाण्यात कोण आहे, ते मला आज कळलं," ते म्हणाले. "हिंगणघाटला जायचं आहे. एकट्यानं जमणार नाही."

"सकायची गाडी किती वाजता?" बाईंनी विचारलं.

सोमवारी बाईंनी शाळेतून रजा घेतली. त्यांचा वर्ग मी सांभाळला, आणि मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा मी गेटापाशीच उभी होते. त्यांनी सांगितलं ते असं. प्रभाकरनंच दार उघडलं. बापाला पाहून तो दारातच थिजला. सायमनरावांच्या तोंडून शब्द फुटेना. गाडीत त्यांनी वाक्य जुळवलं होतं, चारदा बाईंना म्हणून दाखवलं होतं, ते सगळं गेलं.  आतून सून आली, सुमन तिचं नाव. तिनं सासऱ्याला पहिल्यांदाच पाहिलं होतं. ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि म्हणाली, "पाणी घ्या मामाजी. उन्हातून आले."

"प्याले?" मी विचारलं.

"घटाघटा. अन् मंग बोलले. मी भायेर अंगणात जाऊन बसली. त्याइची नात होती तिथं, चार वर्षाची. तिले मी मेंढीची गोष्ट सांगितली."

पुढच्या रविवारी सायमनराव चर्चमध्ये समोर उभे राहिले, आणि दारात माझ्यासमोर जे बोलले होते ते सगळ्या मंडळीसमोर, एकही शब्द मऊ न करता बोलले. पंचांचं प्रमुखपद सोडतो म्हणाले. मंडळीनं ते सोडू दिलं नाही. मग त्यांनी यादी मागवली आणि प्रभाकरचं नाव पुन्हा लिहिलं. सुमन बाहेर नीमाखाली उभी होती. ती आत यायची की नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. सायमनरावांची बायको, जी कुणाशी बोलत नसे, ती उठून बाहेर गेली आणि तिचा हात धरून माझ्या शेजारी मागच्या बाकावर येऊन बसली. "मीबी आज इथंच बसतो," ती मला म्हणाली. नात तेवढ्यात आजोबांच्या कोटापर्यंत पोचली होती.

त्या दिवशी चर्चच्या आवारात पंगत बसली. वरणभात, वांग्याची भाजी आणि कुणाच्या तरी घरचे लाडू. एस्तेरबाई वाढत होत्या. सायमनरावांच्या पानाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "गार्डसाहेब, आता पुढचा सिनेमा लागला तं?"

"आधी मी पाहीन," ते म्हणाले. "तुम्हाला खिडक्या नीट दिसतात, मला बाकीचं दिसतं." आणि दोघंही हसले. सायमनराव हसतात हे वर्ध्यातल्या कित्येकांना त्या दिवशी कळलं.

रविवारच्या शाळेत पुढं मुलं वाढली. जागा पुरेना म्हणून दोन वर्ग करावे लागले, आणि दुसरा वर्ग सायमनराव घ्यायला लागले. "तुला काय दिसलं" हे विचारणं त्यांना सुरुवातीला जमत नसे, ते विचारून लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकत. मार्था त्यांना थांबवायची.

मी तिथं दोन वर्षं होते. मग माझं लग्न ठरलं आणि नोकरी आर्वीकडे मिळाली. निघायच्या दिवशी बाईंनी चुलीवरचा शेवटचा चहा केला, मला जवळ घेतलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून घाईनं निघून गेल्या. मी दुपारची मोटार धरली.

कापसाचे दिवस होते. बाजाराकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रस्ताभर दाटी, मधून टांगे, सायकली, आणि त्यात आमची मोटार हॉर्न वाजवत. एका वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या मधोमध एस्तेरबाई हात वर करून उभ्या होत्या. दोन्ही बाजूंच्या बैलगाड्या थांबल्या होत्या, टांगेवाल्यानं लगाम खेचला होता, आणि पोरांची लांब रांग हातात हात धरून रस्ता ओलांडत होती. ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. मागून एक सगळ्यात लहान पोर चप्पल सुटली म्हणून मधेच बसलं आणि पट्टा लावायला लागलं. बाईंनी त्याला उठवलं नाही. त्याची चप्पल लागली, ते पलीकडे गेलं, आणि मगच त्यांनी हात खाली घेतला.